बारा टक्के पाणी

आदिलाबाद जिल्ह्याच्या पत्रिकेत बारा हा आकडा कोणी मांडला ते सटवाईलाच ठाऊक, पण मांडला आहे पक्क्या शाईनं. निम्न पैनगंगा धरण झालं की त्यातलं ८८ टक्के पाणी महाराष्ट्राचं आणि १२ टक्के नदीच्या अलीकडचं, म्हणजे आमचं, तेलंगणाचं. खर्चाची वाटणीही त्याच हिशेबानं. हा झाला पहिला बारा. दुसरा मार्केट यार्डात भेटतो. दिवाळीच्या आगेमागे कापसाच्या गाड्यांची रांग लागते, सीसीआयचा, म्हणजे कापूस महामंडळाचा, माणूस यंत्राचा दांडा कापसात खुपसतो आणि ओलावा वाचून दाखवतो. आठ टक्क्यांपर्यंत पुरा हमीभाव, त्याच्या पुढे टक्क्यागणिक कपात, आणि बाराच्या वर काटा गेला की गाडी वळवा घराकडे. धरणात आमचं पाणी बाराच्या वर जाऊ नये आणि कापसातही जाऊ नये, असा नियम आहे. फरक इतकाच, की धरणातलं अजून आलेलं नाही आणि कापसातलं जायला तयार नसतं.

दोन पक्षांनी मिळून काम करायचं असलं की करारात काय लिहायचं, टप्पे कसे पाडायचे, फळ काय मिळेल ते कसं मांडायचं, याचे वर्ग हल्ली शहरांतून फी घेऊन चालतात. आमच्या भागात ते फुकट चालू आहेत. बेला, जैनद, कुठल्याही मंडलात जाऊन नदीकाठी उभं राहा. समोर यवतमाळ जिल्हा, पायाखाली तेलंगणा, मध्ये पैनगंगा. आणि दोन्ही काठांवर एकच बोली, एकच कापूस आणि एकाच जातीची बोंडअळी.

६ ऑक्टोबर १९७५ ला महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांचा गोदावरी खोऱ्याबद्दल करार झाला. लेंडी, निम्न पैनगंगा आणि प्राणहिता हे तीन प्रकल्प दोघांनी मिळून करायचे ठरले. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादानं १९८० च्या निवाड्यात तो समाविष्ट केला. करार कच्चा म्हणायची सोय नाही. कुठल्या ठिकाणाच्या वर कोणी किती पाणी वापरायचं, याचे हिशेब सोनाराच्या काट्यावर मोजल्यासारखे आहेत. ‘किती’ असं बारकाईनं ठरलं. ‘केव्हा’ हे दोन्ही सरकारांच्या सोयीवर राहिलं. सरकारची सोय ही फार सावकाश होणारी गोष्ट आहे. इतकी, की मधल्या काळात करारातला एक पक्षच बदलला. २०१४ साली आंध्राचं विभाजन झालं आणि न बांधलेल्या धरणातलं न आलेलं बारा टक्के पाणी तेलंगणाला वारसाहक्कानं मिळालं.

काहीच झालं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. १९९७ साली निम्न पैनगंगेची किंमत सुमारे १४०२ कोटी रुपये धरली होती. २००९ पर्यंत ती १०,४२९ कोटींवर गेली. भिंत तेवढीच राहिली, आकडा वाढला. फाइलीवर सुप्रमा चढत गेल्या. ज्यांना सुप्रमा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ती कोणाची सून नव्हे; सुधारित प्रशासकीय मान्यता. आणि वरच्या अंगाला ज्यांची गावं बुडितात जाणार, त्या यवतमाळ-नांदेडच्या लोकांचं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे: धरण नको. या सगळ्या पसाऱ्यात त्यांचाच एक पक्ष असा निघाला, की ज्याला हवं होतं ते दरवर्षी वेळेवर मिळत गेलं. करारावर त्यांची सही मात्र नाही.

सामायिक विहीर ज्यानं पाहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. सातबारावर लिहिलेलं असतं: विहीर सामायिक, चुलत्याचा हिस्सा दहा आणे, आपला सहा आणे. गाळ काढायचा तर दोघांनी मिळून. थोरल्या घरचा म्हणतो, ‘तू मजूर लाव, मी हिशेब देतो.’ धाकट्या घरचा म्हणतो, ‘दादा, तुमी मोठे, तुमी सुरू करा, मी मागंच हावो.’ दोघंही खरं बोलतात. दोघंही मागंच असतात. विहिरीत गाळ वाढत जातो आणि दोन्ही घरांत एकमेकांच्या आळशीपणावर पिढ्यान् पिढ्या एकमत राहतं. संयुक्त करारात ‘उभय पक्ष आपापल्या भागाची कामे समांतर पद्धतीने हाती घेतील’ असं एक वाक्य असतं. त्याचा शेतातला अर्थ हाच.

बारभाईची शेती, काय लागेल हाती, असं म्हणून हात झटकता आले असते. पण आमच्याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात याच्या अगदी उलटा प्रयोग झालेला आहे. चंद्रपूरचा जिवती तालुका आणि आमच्याकडचं केरामेरी मंडल यांच्यामध्ये परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा अशी काही गावं आहेत. ती कोणाची, याबद्दल दोन राज्यांचा वाद. वस्ती बरीचशी मराठी, मराठवाड्यातून दुष्काळात उठून आलेली माणसं. इथं कुठलाही सहकार्याचा करार नाही, टप्पे नाहीत, फलनिष्पत्तीचा तक्ता नाही. आणि काय झालं? महाराष्ट्रानं शाळा दिली म्हणून इकडच्यांनी दिली. इकडच्यांनी रेशनकार्ड दिलं म्हणून महाराष्ट्रानं दिलं. सरपंच दोन. मतदान दोन्ही राज्यांचं, शाई दोनदा. पोरं मराठीत पाढे म्हणतात आणि तेलुगूत गुणाकार तपासून घेतात. जमिनीचे पट्टे मात्र रखडले, कारण त्यांत नुसतं देऊन भागत नाही, आधी कोणाची ते ठरवावं लागतं. तरी एकंदर मासला बघा: भांडण होतं तिथं दोन शाळा आल्या, समझोता झाला तिथं एक कालवा येईना. मला कोणी विचारत नाही, पण विचारलं तर मी पैनगंगेच्या बाबतीत करार मोडून रीतसर भांडण सुरू करावं असा सल्ला देईन. सहा महिन्यांत दोन धरणं उभी राहतील. एक नदी पुरणार नाही, हा त्यातला तांत्रिक मुद्दा.

१९६९ या सालाबद्दल थोडं. लवाद नेमला गेला त्याच वर्षी अमेरिकेत परदेशी मदत वाटणाऱ्या सरकारी संस्थेसाठी एक तक्ता तयार झाला. चार रकाने: काय साधायचं, ते साधलं हे कशावरून ओळखायचं, त्याचा पुरावा कुठं मिळेल, आणि गृहीतकं. आज जगात कुठल्याही दोन संस्था हातात हात घालतात तेव्हा तिसऱ्या हातात हा तक्ता असतो. त्याच वर्षी जुलैत माणूस चंद्रावर उतरला. केनेडीनं १९६१ मध्ये ‘हे दशक संपायच्या आत’ असं सांगून टाकलं होतं आणि दशक संपायला पाच महिने शिल्लक असताना ते झालं. लोक याला नियोजनाचा विजय म्हणतात. माझं मत वेगळं आहे. चंद्राची ना हरकत लागली नाही. तिथं भूसंपादन नव्हतं, बुडित क्षेत्र नव्हतं, आणि खर्चातले बारा टक्के दुसऱ्या कोणी द्यायचे नव्हते.

तो चार रकान्यांचा तक्ता आमच्याकडेही पोचला आहे. सध्या आमच्या भागात प्रत्येक संस्थेचा दुसऱ्या एका संस्थेशी करार झालेला असतो, आणि दोघींनाही तिसरीनं पैसे दिलेले असतात. पहिल्या रकान्यात ‘शेतकऱ्यांच्या जीवनमानात शाश्वत सुधारणा’. दुसऱ्यात ‘१०० शेतकऱ्यांना प्रशिक्षण’. तिसऱ्यात ‘हजेरीपत्रक व छायाचित्रे’. छायाचित्रात शेतकरी नसले तर चालतात, बॅनर हवा. मग एकच काका चार संस्थांच्या चार प्रशिक्षणांत बसतात, चारही ठिकाणी सही करतात आणि चार रंगांच्या टोप्या घेऊन घरी येतात. कागदावर चारशे शेतकरी सुधारले, घरात टोप्या झाल्या. मी त्यांना विचारलं, ‘काका, शिकवलं काय?’ ते म्हणाले, ‘ठिबक कसं लावाचं ते सांगतलं बाप्पा. पाणी कुठून आणाचं ते दुसऱ्या संस्थेच्या प्रशिक्षणात हाय म्हणे.’

चौथा रकाना, गृहीतकांचा, मला विशेष आवडतो. ज्या गोष्टीवर सगळं काम अवलंबून आहे आणि जी होईल याची कोणालाच खात्री नाही, ती त्यात घालून टाकायची. ‘पाऊस वेळेवर होईल.’ ‘उभय पक्षांत समन्वय राहील.’ एकदा तिथं लिहिली, की ती आपल्या डोक्यावरून उतरली. आमच्या आजीनंही स्वयंपाकाआधी मनातल्या मनात एक गृहीतक धरलेलं असायचं, जेवायला चार माणसं येतील असं. पण आली सहा तर ती वरणात पाणी घालायची, गृहीतक चुकलं म्हणून टिपण पाठवायची नाही.

टप्पे कसे पाडतात, त्याची एक खूण सांगतो. ज्याचा फोटो निघतो तो टप्पा. सही हा टप्पा, कुदळ मारणं हा टप्पा, नारळ हा टप्पा, पंपाचं बटण हा टप्पा. पोटकालव्यासाठी एका म्हातारीच्या दीड एकराचा मोबदला ठरवून तो तिच्या खात्यात जमा करणं हा टप्पा नसतो, कारण त्याचा फोटो काढला तर त्यात फक्त म्हातारी दिसते.

८ मार्च २०१६ ला महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्यात आंतरराज्य मंडळ स्थापायचा करार झाला. त्याच वर्षी २३ ऑगस्टला मुंबईत सह्याद्री अतिथिगृहावर दोन्ही राज्यांचे तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि के. चंद्रशेखर राव यांनी बंधाऱ्यांच्या करारांवर सह्या केल्या. मेडीगड्डा १०० मीटर, तुम्मिडीहट्टी १४८ मीटर, आणि आमचा चनाखा-कोरटा २१३ मीटर. उंची दशांशापर्यंत बोलायची तयारी होती. वरचं धरण होईना म्हणून खाली नदीत बंधारा घालायचा, पाणी पंपानं उचलायचं आणि जैनद-बेल्याकडच्या कालव्यांत सोडायचं, अशी चनाखा-कोरट्याची कल्पना. चनाखा तिकडं, कोरटा इकडं. दोन गावांची नावं आडनावासारखी जोडली गेली तेव्हा काठावरच्या काहींना पहिल्यांदा वाटलं, की हे लग्न बहुतेक टिकेल. राव हैदराबादला परतले तेव्हा बेगमपेट विमानतळावर जंगी स्वागत झालं, मिरवणूक निघाली. पाण्याची मिरवणूक पाणी यायच्या आधी काढायची पद्धत दोन्ही राज्यांत आहे. त्याबाबत समन्वय उत्तम.

त्यात तुम्मिडीहट्टीची चार मीटरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १६ डिसेंबर २००८ ला आंध्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांनी तिथं प्राणहिता-चेवेल्ला प्रकल्पाची पायाभरणी केली. आमच्या बाजूला १५२ मीटर हवे, आपल्याकडची जमीन बुडते म्हणून महाराष्ट्र १४८ च्या वर जाईना. चार मीटर म्हणजे गोठ्याची उंची. त्या गोठ्यावर दोन राज्यांची, तीन पक्षांची आणि मोजता येणार नाहीत इतक्या अभियंत्यांची वर्षं गेली. शेवटी तेलंगणानं मुख्य बेतच उचलून खाली मेडीगड्ड्याला नेला. आणि तिथं टप्पे कसे गाठावेत याचा वस्तुपाठ झाला. सह्या झाल्यापासून तीन वर्षं व्हायच्या आत, २१ जून २०१९ ला, उद्घाटन. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री पाहुणे म्हणून हजर. इतकं वेळेवर काम झालेलं बघून आमच्याकडे लोकांना थोडी भीतीच वाटली होती. २१ ऑक्टोबर २०२३ ला बंधाऱ्याचे खांब खचले. आता तुम्मिडीहट्टीची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. पायाभरणीचा दगड तिथं तयारच आहे, तेवढा खर्च वाचेल.

चनाखा-कोरट्याचं तसं नाही झालं. बंधारा उभा राहिला, २०२३ च्या सप्टेंबरात हत्तीघाटच्या पंपगृहात चाचणी झाली, पाणी उसळून वर आलं, लोकांनी ते हातात घेऊन कपाळाला लावलं. पोटकालवे आणि भूसंपादन मागं राहिलं. चाचणीनंतर जैनदच्या चहाच्या हॉटेलात यावर जी चर्चा ऐकली ती कुठल्याही त्रैमासिक अहवालापेक्षा मुद्देसूद होती.

‘पाणी आलं ना भाऊ.’

‘आलं. पर माह्या वावरात काऊन नाही आलं?’

‘तुमचं वावर दुसऱ्या टप्प्यात हाय.’

‘आन् पहिल्या टप्प्यात कोणाचं हाय?’

‘पहिल्या टप्प्यात पंप हाय.’

आता याच जिल्ह्यातला दुसरा एक संयुक्त प्रकल्प. त्यातही पाणीच आणायचं असतं, तेही नदीवरून, आणि भागीदार दोन नाहीत, हजारो आहेत. इंद्रवेल्ली मंडलातलं केस्लापूर. तिथला नागोबा गोंडांच्या मेस्राम कुळाचा देव. पौष अमावास्येच्या रात्री त्याची महापूजा, आणि पूजेला गोदावरीचं पाणी लागतं. ते आणायला मेस्राम मंडळी जन्नारम मंडलातल्या हस्तिनमडुगूपर्यंत पायी जातात आणि पायीच परत येतात.

याचे टप्पे बघा. पौषाची चंद्रकोर दिसली की बैलगाडी निघते आणि गावोगाव निरोप देत फिरते. मग सिरिकोंड्याच्या कुंभारांकडे जाऊन पूजेच्या मडक्यांची मागणी नोंदवायची. मागणी पिढ्यान् पिढ्या त्याच गावात, निविदा नाही, तीन दरपत्रकं नाहीत. मग पायी प्रवास, कुठं मुक्काम, कुठल्या वाटेनं, ते कुळातली जाणती माणसं बसून ठरवतात. परतताना इंद्रवेल्लीला इंद्रादेवीची पूजा. मग केस्लापूरच्या वडांखाली मुक्काम आणि अमावास्येची वाट. पाण्याचा कलश ठरल्या रात्री देवळात पोचतो. ‘यंदा पाणी प्रगतिपथावर आहे’ असं आजवर कोणी नागोबाला सांगितलेलं नाही. नव्या सुनांची देवाशी ओळख करून द्यायची असते, ती ‘भेटिंग’ही त्याच रात्री. एखादी सून पुढच्या आर्थिक वर्षात ढकलली असं होत नाही.

कुळात २२ शाखा आहेत आणि प्रत्येकीकडे काम वाटून दिलेलं. जेवण शिजवायला चुली २२. माणसं हजारोंनी आलेली, चुली मात्र तेवढ्याच. एकाची भाकरी उतरली की दुसऱ्याचं भांडं चढतं. माझ्या घरी एका गॅसवर दोन जावांचा समन्वय चालावा म्हणून मी ज्या वाटाघाटी पाहिल्या आहेत, त्या आठवल्या की हे मला बच्छावत लवादापेक्षा मोठं काम वाटतं. देऊळ नवं बांधायचं ठरलं तेव्हाही कुळानं आपसात वर्गणी काढली, आणि २०२२ च्या डिसेंबरात दगडी देऊळ उभं राहिलं. नोकरदारानं पगारातून दिले, शेतकऱ्यानं पिकातून. त्यातल्या कोणाचे बारा टक्के थकले असतील तर त्याला पुढच्या अमावास्येला त्याच चुलीसमोर, त्याच माणसांमध्ये रांगेत उभं राहायचं होतं. आंतरराज्य मंडळाच्या बैठकीत चहाबिस्किटं प्रत्येकाला वेगळी मिळतात.

केस्लापूरला सरकारही येतं. गोंड पुढारी कोमराम भीमच्या लढ्यानंतर निजामानं हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं, आणि त्यानं चाळीसच्या दशकात यात्रेच्या वेळी दरबार सुरू केला. लोक एकत्र येतातच, तर अधिकाऱ्यांनीही यावं आणि गाऱ्हाणी ऐकावीत. तो दरबार आजही भरतो. मंडपात कलेक्टर, आयटीडीए या आदिवासी विकास संस्थेचे अधिकारी, आमदार, मंत्री. लोक अर्ज देतात: रस्ता, पट्टा, पाणी. अर्ज घेतले जातात, शिक्के बसतात. शंभर पावलांवर वडाखाली गोदावरीचं पाणी कलशात येऊन थांबलेलं असतं आणि मंडपात एक जण गावाला पाणी कधी येणार म्हणून विचारत असतो. साहेब सांगतात, ‘प्रस्ताव पाठवला आहे.’ म्हातारा मान हलवतो. त्याच्या घरचं कोणी तरी नुकतंच नदीपर्यंत पायी जाऊन आलेलं असतं, त्यामुळे अंतराचा अंदाज त्याला साहेबांपेक्षा बरा असतो.

मला धास्ती वेगळीच आहे. एखाद्या दिवशी एखाद्या सल्लागार संस्थेला केस्लापूरचा पत्ता लागेल. दोन तरुण लॅपटॉप घेऊन येतील, वडाखाली बसून सगळं बघतील आणि खुश होतील. मग विचारतील, ‘आजोबा, ही पाणी आणायची प्रक्रिया कुठं लेखी आहे का?’ नसेल. ‘पायी का आणता? टँकरनं एका दिवसात येईल.’ यावर आजोबा काही बोलणार नाहीत. अहवाल मात्र येईल. ‘सद्यःस्थिती: समाधानकारक, परंतु दस्तऐवजीकरणाचा अभाव. चंद्रकोरीवरील अवलंबित्व ही जोखीम. ढगाळ हवामानासाठी पर्यायी आराखडा आवश्यक. चुलींची संख्या अपुरी.’ आणि शेवटी शिफारस: प्रायोगिक तत्त्वावर तेविसावी चूल. तिच्यासाठी सामंजस्य करार होईल, खर्चाची वाटणी ८८ आणि १२ अशी ठरेल, जागा निश्चितीसाठी समिती बसेल. यात्रेच्या दिवशी बावीस चुली पेटलेल्या असतील आणि तेविसाव्या चुलीच्या जागी नारळ फोडून, फीत बांधून, साहेबांची वाट बघत चार माणसं भुकेली उभी असतील.